शार्ङ्गदेवाच्या कूटताना व इंग्रजी घंटावादक मंडळांचें वर्ष

देवगिरीच्या यादवांच्या राज्यांत, तेराव्या शतकाच्या पूर्वार्धांत, लिहिल्या गेलेल्या एका संस्कृत ग्रंथांत ५०४० ही संख्या येते. इंग्लंडांतील नॉर्विच शहरीं सेंट पीटर मॅनक्रॉफ्ट या चर्चच्या मनोऱ्यांत २ मे १७१५ रोजीं घंटावादकांनीं हीच संख्या दोर ओढून प्रत्यक्ष वाजवून पुरी केली. या दोन गोष्टींत देवघेव झाली असें सुचविण्याचा आमचा हेतु नाहीं. संख्या एक आली म्हणजे ऋण सिद्ध होत नाहीं. सातांचे क्रम कोठेंही मोजले तरी ते तितकेच भरावयाचे. परंतु एकच गणित एका समाजानें ग्रंथांत जतन केलें व दुसऱ्यानें मंडळें स्थापून हातांत जतन केलें, हा भेद विचार करण्याजोगा आहे. आणि त्यांतील पहिला समाज आमच्याच प्रांतांतील असल्यामुळें तो विचार या पृष्ठांत मांडणें अप्रस्तुत होणार नाहीं असें आम्हांस वाटतें.

तो ग्रंथ म्हणजे ‘संगीतरत्नाकर’ व त्याचा कर्ता शार्ङ्गदेव. याचें घराणें मूळचें काश्मीरचें. पितामह भास्कर दक्षिणेंत आला, पिता सोढल यास यादवांचा आश्रय लाभला, आणि शार्ङ्गदेव सिंघण राजाच्या पदरीं श्रीकरणाचा, म्हणजे राज्याच्या हिशेबी दप्तराचा, प्रमुख झाला. सिंघणाचें नांव लातूर-नांदेडकडील वाचकांस परकें नाहीं. त्याचा सेनापति खोलेश्वर याचे शिलालेख जवळच आंबेजोगाईस आहेत. संगीतावरील हिंदुस्थानांतील एक प्रमाणभूत ग्रंथ हिशेबनिसाच्या हातून उतरला, ही गोष्ट पुष्कळांस विलक्षण वाटेल. पण ज्या प्रकरणाविषयीं आम्ही लिहीत आहों तें वाचलें असतां तींत विलक्षण असें कांहीं राहत नाहीं.

ग्रंथाचा पहिला अध्याय स्वरगताध्याय. त्यांत शार्ङ्गदेव स्वरांचे क्रम बदलून किती ताना होतात याचा हिशेब देतो. एका स्वराचा क्रम एकच. दोन स्वरांचे दोन, तिहींचे सहा, चोहोंचे चोवीस, पांचांचे १२०, सहांचे ७२० आणि सातांचे ५०४०. प्रत्येक वेळीं मागील संख्येस पुढच्या अंकानें गुणावें इतकीच कृति. सरळ क्रम मोडून येणाऱ्या तानेस कूटतान म्हणतात. मूर्च्छनांचे सर्व भेद धरून त्या ५६ होतात. ५६ नें ५०४० ला गुणिलें म्हणजे पूर्ण कूटतानांची संख्या २,८२,२४० येते. हा आंकडा ग्रंथकारानें सांगून सोडला नाहीं. सर्व क्रम एकामागून एक कसे लिहावे, म्हणजे प्रस्तार कसा करावा, याची रीत त्यानें दिली. आणि खंडमेरु नांवाचा पायऱ्यापायऱ्यांचा कोठा देऊन दोन प्रश्न सोडविले. अमुक क्रमांकावर कोणती तान येईल हें काढणें तें ‘नष्ट’; अमुक तान कितव्या क्रमांकाची हें काढणें तें ‘उद्दिष्ट’. पांच हजार ओळींची वही समोर नसतां तींतील हवी ती ओळ काढून देण्याची ही युक्ति आहे, व दप्तराचा धनीच ती इतक्या आवडीनें लिहूं शकतो.

हें गणित एकट्या शार्ङ्गदेवाचें नव्हतें. प्रस्तार, नष्ट व उद्दिष्ट हे शब्द पिंगलाच्या छंदःशास्त्रापासून चालत आलेले आहेत. भास्कराचार्यानें इ. स. ११५० मध्यें ‘लीलावती’ लिहिली, तिच्या अखेरीस अंकपाश नांवाचें प्रकरण आहे. तेथें शंकराच्या दहा हातांत दहा आयुधें किती प्रकारांनीं देतां येतील असें विचारलें आहे. उत्तर ३६,२८,८०० आहे. विष्णूच्या चार हातांचे प्रकार चोवीसच होतात. या भास्कराचार्याचा नातू चांगदेव हा सिंघणाचाच ज्योतिषी होता. चाळीसगांवनजीक पाटण येथें आजोबांचे ग्रंथ शिकविण्याकरितां त्यानें मठ काढला, आणि शके ११२८ मध्यें, म्हणजे इ. स. १२०६-०७ च्या सुमारास, त्यास मिळालेल्या दानाचा शिलालेख तेथें आहे. एकाच राजाच्या पदरीं अंकपाशाचा वारस व कूटतानांचा हिशेबनीस असे दोघे असावे, हा योग लक्षांत ठेवण्यासारखा आहे. पुढें इ. स. १३५६ मध्यें नारायण पंडितानें ‘गणितकौमुदी’ त अंकपाश आणखी विस्तारला.

आतां घंटांकडे वळूं. आपल्याकडील देवळांत घंटा स्थिर असते व लोलक हलवून ती वाजविली जाते. युरोपांतील बहुतेक देशांत घंटा झोके घेते. इंग्लंडांत सतराव्या शतकांत याहून निराळी रीत रूढ झाली. तेथें प्रत्येक घंटा एका मोठ्या चाकास जखडलेली असते व चाकाच्या कडेवरून दोर खालच्या खोलींत येतो. आरंभीं घंटेचें तोंड वर करून ठेवतात. दोर ओढला कीं ती एक पूर्ण फेरा घेऊन पुन्हा तोंड वर करून थांबूं पाहते, व त्या फेऱ्यांत एकदांच वाजते. एका फेऱ्यास सुमारें दोन सेकंद लागतात. तोल साधलेल्या त्या क्षणीं घंटेस किंचित् रोखून धरलें तर पुढील ठोका थोडा उशिरां पडतो. ती पुरी वर जाण्यापूर्वींच ओढली तर थोडा लौकर पडतो. एका घंटेस एक माणूस, आणि शेंकडों किलो वजन. म्हणून घंटा आपल्या रांगेंतील जागा एका वेळीं एकाच स्थानानें बदलूं शकते, अधिक नाहीं.

येथें शार्ङ्गदेवाचा प्रस्तार व घंटावादकांचा क्रम यांतील फरक स्पष्ट होतो. तीन स्वर घेतले तर ग्रंथाच्या रीतीनें ओळी अशा येतात: सरिग, रिसग, सगरि, गसरि, रिगस, गरिस. दुसऱ्या ओळीवरून तिसऱ्या ओळीवर येतांना ‘रि’ पहिल्या जागेवरून एकदम तिसऱ्या जागेवर जातो. गाणाऱ्याच्या गळ्यास यांत कांहींच अडचण नाहीं. घंटेस मात्र अशी उडी शक्य नाहीं. म्हणून इंग्रज वादकांनीं तेच सहा क्रम दुसऱ्या रांगेनें लावले: १२३, २१३, २३१, ३२१, ३१२, १३२, आणि पुन्हा १२३. येथें प्रत्येक पायरीस शेजारचीं दोनच स्थानें अदलाबदल होतात, एकही क्रम दोनदां येत नाहीं व एकही सुटत नाहीं. घंटा वाढल्या म्हणजे एका पायरीस अशा दोन-तीन जोड्या एकदम पालटतात. पण एक स्थान सोडून पलीकडे कोणीच जात नाहीं. या विद्येवरचें पहिलें छापील इंग्रजी पुस्तक १६६८ सालीं निघालें, तें फेबियन स्टेडमन यानें प्रकाशित केलें. त्याचें स्वतःचें पुस्तक १६७७ चें. सात घंटांचे ५०४० क्रम न थांबतां, न चुकतां व कागद न पाहतां वाजविणें यास ते लोक ‘पील’ म्हणतात. त्यास सुमारें तीन तास लागतात. नॉर्विचचा उपरिनिर्दिष्ट प्रसंग हा असा पहिला खरा पील मानला जातो. एकादी ओळ दोनदां वाजली तर तो खोटा ठरतो.

हें काम एकट्याचें नव्हे, व एका दिवसाचेंही नव्हे. म्हणून तेथें घंटावादकांचीं मंडळें झालीं. लंडनची एक संस्था आपली स्थापना १६३७ ची सांगते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत प्रांतवार मंडळें निघालीं: यॉर्कशायरचें १८७५ सालीं, एसेक्सचें १८७९ सालीं, ऑक्सफर्डच्या धर्मप्रांताचें १८८१ सालीं, आणि १८९१ सालीं सर्वांची मध्यवर्ती परिषद भरूं लागली. १९११ पासून या विषयाचें एक साप्ताहिक चालू आहे व त्यांत वाजविलेल्या पीलांचे वृत्तांत छापले जातात. अशा एकाद्या प्रांतिक मंडळाचें वर्ष कसें जातें तें पाहिलें म्हणजे विद्या टिकते कशावर हें कळतें.

आठवड्यांतून एक सायंकाळ सरावाची. रविवारीं उपासनेपूर्वीं वादन. नवा शिकणारा आला तर प्रथम कित्येक आठवडे त्यास क्रम वगैरे कांहीं शिकवीत नाहींत. एका घंटेचा दोर हाताळण्यास शिकवितात, कारण घंटा हातची सुटली तर इजा होते. महिन्यास एकदां तालुक्याएवढ्या टापूंतील वादक कोणत्या तरी एका मनोऱ्यांत जमतात. ज्या खेड्यांत पुरते वादक नाहींत तेथें शेजारगांवचे जाऊन उणीव भरून काढतात. ईस्टरपूर्वींच्या पवित्र सप्ताहांत पुष्कळ मनोरे मौन पाळतात व ईस्टरच्या सकाळीं पुन्हा बोलूं लागतात. वार्षिक सभेस आधीं प्रार्थना, मग चहा व मग कामकाज. गेल्या वर्षीं दिवंगत झालेल्या सभासदांचीं नांवें वाचलीं जातात, हिशेब मंजूर होतो, घंटा-दुरुस्तीच्या फंडांतून कोणत्या मनोऱ्यास किती द्यावयाचे तें ठरतें, व वर्षाचा अहवाल छापून निघतो. उन्हाळ्यांत एक दिवस गाडी करून दुसऱ्या प्रांतांतील चार-पांच मनोरे हिंडून वाजवून येतात. ठोक्यांच्या नेमकेपणाच्या स्पर्धा होतात, त्यांत परीक्षक वादकांस दिसणार नाहीं अशा जागीं बसून केवळ कानांनीं दोष मोजतो. नोव्हेंबरांतील स्मृतिदिनीं लोलकाच्या एका बाजूस कातडें बांधतात; त्यामुळें एक ठोका स्पष्ट व दुसरा त्याचा पडसाद वाटावा असा मंद येतो. पुढें नाताळ, आणि ३१ डिसेंबरच्या मध्यरात्रीं जुन्या वर्षास निरोप. यांत थोर असें कृत्य कोणतेंच नाहीं. ठरल्या वारीं ठरलीं माणसें येतात, इतकेंच आहे.

परंतु हें ‘इतकेंच’ मोडलें म्हणजे काय होतें याचा अनुभवही त्या लोकांस आहे. पहिल्या महायुद्धांत सुमारें १४०० घंटावादक कामास आले. दुसऱ्या महायुद्धांत जून १९४० पासून चर्चच्या घंटा वाजविण्यास सरकारनें मनाई केली, कारण शत्रु उतरल्याची ती खूण ठरविली होती. १५ नोव्हेंबर १९४२ रोजीं एल् अलामीनच्या विजयाप्रीत्यर्थ एकदां त्या वाजल्या व १९४३ सालीं ती बंदी उठली. तीन वर्षें सराव नाहीं म्हणजे एक पिढी शिकावयाची राहिली. तरी विद्या गेली नाहीं, कारण मंडळें होतीं व त्यांच्या वह्या होत्या. १९१८ च्या युद्धसमाप्तीस शंभर वर्षें झालीं तेव्हां, २०१८ सालीं, पडलेल्या १४०० वादकांच्या जागीं तितकेच नवे वादक तयार करण्याचा संकल्प त्यांनीं सोडला. मृतांचा आंकडा ठाऊक होता म्हणूनच हा संकल्प शक्य झाला.

महाराष्ट्रांत अशा घंटांचा प्रवेश कसा झाला हेंही सांगितलें पाहिजे. ख्रिस्ती देवालयांतील घंटा म्हटली कीं मराठी वाचकास प्रथम वसई आठवते. मे १७३९ मध्यें चिमाजी अप्पांनीं वसई घेतली व पोर्तुगीजांकडील घंटा विजयचिन्हें म्हणून वर घाटावर आल्या. पालीच्या बल्लाळेश्वराची, भीमाशंकराची, मेणवलीची अशा कित्येक घंटा त्यांत मोडतात. नाशिकास गोदातीरीं १७४७ सालीं बांधलेल्या नारोशंकराच्या देवळाची घंटा, जिच्यावर १७२१ हें साल आहे, तीही त्यांतीलच मानितात. त्याच गोदेच्या कांठीं नांदेडास राहणाऱ्या आम्हांस त्या घंटेविषयीं विशेष आपलेपणा वाटला तर नवल नाहीं. त्या घंटांना नवें काम सहज मिळालें, कारण घंटा एकटी होती आणि ती वाजविण्यास एका भाविकाचा हात पुरे होता. धर्म पालटला, नाद तोच राहिला.

पुण्याच्या पंचहौद येथील पवित्र नाम देवालयाची गोष्ट निराळी आहे. ऑक्सफर्डजवळ कौली येथें १८६६ सालीं स्थापन झालेल्या एका संन्यासी संघाच्या पाद्र्यांनीं हें मिशन चालविलें. १८९० सालीं येथील चहापानावरून रानडे, टिळक आदि मंडळींवर ग्रामण्य झालें तें प्रसिद्धच आहे. या देवालयाच्या उंच मनोऱ्यांत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडांतील लफबरो येथील टेलर यांच्या कारखान्यांत ओतलेल्या आठ घंटा चढविण्यात आल्या. इंग्रजी पद्धतीनें क्रम पालटून वाजविण्याजोगा घंटांचा मेळ म्हणून हिंदुस्थानांत हाच एक गणला जातो. आठ घंटा असल्या म्हणजे सात घंटा क्रम पालटतात व आठवी, सर्वांत जड, प्रत्येक ओळीच्या शेवटीं पडते. म्हणजे सातांच्या ५०४० क्रमांस लागणारी सिद्धता तेथें होती. आठही घंटा पालटल्या तर क्रम ४०,३२० होतात. हे सर्व क्रम आठ वादकांनीं मध्यें न बदलतां १९६३ सालच्या २७ व २८ जुलै रोजीं वाजविले, तेही लफबरोच्या त्याच कारखान्याच्या मनोऱ्यांत. त्यांस अठरा तासांस दोन मिनिटें कमी लागलीं.

आणखी एक योगायोग आहे. त्याच पुण्यांत, महादेव चिमणाजी आपटे यांनीं १८८८ सालीं स्थापिलेल्या आनंदाश्रमानें १८९६-९७ मध्यें ‘संगीतरत्नाकर’ कल्लिनाथाच्या टीकेसह छापून काढला. म्हणजे ५०४० क्रमांचें शास्त्र व ५०४० क्रम वाजविण्याचें साहित्य हीं एकाच शहरांत, जवळजवळ एकाच काळीं, थोड्याशा अंतरावर उपलब्ध झालीं. परंतु पोथी ओळखणारा घंटेकडे गेला नाहीं व घंटा वाजविणारा पोथीकडे आला नाहीं. घंटा जहाजांतून आणतां येतात. मंडळ तसें आणतां येत नाहीं. आसपास दुसरा मनोरा नसला म्हणजे मासिक मेळावा नाहीं, उणीव भरून काढणारे शेजारी नाहींत, स्पर्धा नाहीं. एका मनोऱ्याचा प्रांत होत नाहीं.

यावरून कोणी असें म्हणेल कीं आपला समाज ग्रंथांत हुशार व आचरणांत शिथिल. तें खरें नव्हे. क्रम पालटून म्हणण्याची विद्या शरिरांत सांभाळण्याचें याहून मोठें उदाहरण जगांत क्वचितच सांपडेल, आणि तें आपलेंच आहे. वेदपाठाच्या विकृतींत घनपाठ म्हणतांना पहिलें व दुसरें पद, मग दुसरें व पहिलें, मग पहिलें दुसरें तिसरें, तिसरें दुसरें पहिलें, पुन्हा पहिलें दुसरें तिसरें, अशा रीतीनें सबंध संहिता पुढें न्यावयाची असते. घंटावादकाचा हेतु सर्व क्रम संपविण्याचा व घनपाठ्याचा हेतु एकही अक्षर ढळूं न देण्याचा, एवढा भेद आहे. पण पुस्तक न पाहणें, दुसऱ्याचा स्वर ऐकत आपला धरणें, चूक झाली कीं मागें येणें, हे नियम दोहोंकडे एकच आहेत. येथें ग्रंथ होता म्हणून विद्या टिकली नाहीं; गुरु, शिष्य व नित्याची संथा होती म्हणून टिकली. शार्ङ्गदेवाच्या खंडमेरूस अशी पाठशाळा मिळाली नाहीं. म्हणून तो आज विद्वानांच्या चर्चेंत आहे, गवयाच्या रोजच्या मेहनतींत नाहीं.

नांदेड व लातूर या दोन जिल्ह्यांत घंटावादक मंडळाच्या जवळ जाईल अशी दुसरी एक गोष्ट जिवंत आहे. ती म्हणजे गांवोगांवचा हरिनाम सप्ताह. सात दिवस वीणा खालीं ठेवावयाचा नाहीं हा त्याचा नेम. त्यासाठीं पहारे वांटले जातात, एकाच्या खांद्यावरचा वीणा दुसऱ्यानें वेळेवर घ्यावा लागतो, रात्रीच्या पहाऱ्याचा माणूस आला नाहीं तर शेजारगांवची भजनी मंडळी उभी राहते. काकड्यापासून जागरापर्यंतचा क्रम ठरलेला असतो, आणि नवा पोर प्रथम टाळ धरण्यास शिकतो, अभंग मागाहून. हीही एक विद्या आहे व तीही ठरल्या दिवशीं ठरलीं माणसें जमल्यानेंच टिकते. मात्र ज्या एका बाबतींत इंग्रजी मंडळें आपल्याहून पुढें आहेत ती नोंदीची. नॉर्विचच्या चर्चमध्यें १७१५ सालच्या वादनाची पाटी लाविली गेली म्हणून तीनशें वर्षांनंतर आम्ही नांदेडांत बसून तो दिवस सांगूं शकतों. आपल्याकडे पन्नास वर्षें चाललेल्या सप्ताहाचा पहिला दिवस कोणता, पहिला वीणेकरी कोण, दुष्काळाच्या सालीं सप्ताह झाला कीं राहिला, हें बहुधा वृद्धांच्या आठवणीवर सोडलेलें असतें. आणि वृद्धांबरोबर तें जातें.

म्हणून आमची सूचना लहान आहे. आपापल्या गांवच्या सप्ताहाची, भजनी मंडळाची, जेथें असेल तेथें वेदपाठशाळेची, देवळांतील चौघड्याच्या मानकऱ्यांची आणि ख्रिस्ती देवालयांतील घंटेची एक वही करावी. तींत आरंभाचें साल, वर्षांतील ठरलेले दिवस, कोणी कोणास शिकविलें, कोणत्या सालीं व कां खंड पडला, इतकेंच लिहावें. मानाच्या तंट्यांचा वृत्तांतही गाळूं नये, कारण परंपरा मोडण्याचें कारण पुष्कळदां तेथेंच सांपडतें. अशा शंभर वह्या झाल्या तर मराठवाड्याच्या सामाजिक इतिहासास जें साधन मिळेल तें कोणत्याही ताम्रपटानें मिळणार नाहीं. शार्ङ्गदेव हा दप्तराचा मनुष्य होता. कोणती ओळ कितवी हें विसरूं नये म्हणून त्यानें खंडमेरु केला. त्याच्या प्रांतांत राहणाऱ्यांनीं आपल्या ओळींचा निदान क्रम तरी लिहून ठेवावा.